सत्तावन्न की पन्नास सात? अंकवाचनाच्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

जून २०१९. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जुंपली. एकवीसपासून पुढच्या संख्या वाचायची एक वेगळी रीत या पुस्तकात दिली होती. २१ म्हणजे वीस एक, ३२ म्हणजे तीस दोन, ५७ म्हणजे पन्नास सात. एकवीस, बत्तीस, सत्तावन्न ही रूढ नावं काढून टाकलेली नव्हती, दोन्ही रीती पुस्तकात होत्या. पण बातमी झाली ती 'आता त्रेसष्ट नाही, साठ तीन म्हणायचं' अशी. वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडल्या, व्हॉट्सॲपवर विनोद फिरले आणि थेट विधानसभेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोटी झाली: फडणवीस यांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का?

बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३). त्यांनी बाजू मांडली ती दोन मुद्द्यांवर. पहिला मुद्दा क्रमाचा. आपण बोलताना आधी एकक म्हणतो आणि मग दशक, सत्ता-वन्न. लिहिताना मात्र आधी दशकाचा अंक येतो आणि मग एककाचा. हा उलटसुलट प्रकार लहान मुलांना गोंधळात पाडतो आणि गणिताची धास्ती तिथूनच बसू लागते. दुसरा मुद्दा जोडाक्षरांचा. त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर, त्र्याण्णव असे शब्द त्या वयात जड जातात. दाखल्यादाखल त्यांनी दक्षिणेतल्या भाषांकडेही बोट दाखवलं. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या चारही भाषांत आधी दशक येतं आणि मग एकक.

'मराठीवर घाला' विरुद्ध 'मुलांची सोय' अशा अंगानं या वादावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला त्यातला एक लहानसा, पण कामाचा प्रश्न घ्यायचा आहे. सात वर्षांच्या मुलानं 'सत्तावन्न' ऐकलं आणि त्याला वहीत ५७ लिहायचं आहे, तर त्याला मनातल्या मनात काय काय करावं लागतं? आणि नाव बदललं तर त्यातलं काय सोपं होतं, काय तसंच राहतं?

मुलापुढचं काम

मोठ्या माणसाला या प्रश्नात काही दिसतच नाही. सत्तावन्न म्हटलं की ५७ डोळ्यांसमोर येतात, मध्ये काही घडल्याचं जाणवत नाही. इतक्या वर्षांच्या सरावानं तो शब्द त्या चिन्हाला कायमचा चिकटलेला असतो. मुलाकडे ही पुंजी नसते, त्याला तो शब्द उकलावा लागतो.

कानावर आधी 'सत्ता' पडतं. त्यातून सात ओळखायचे. लगेच सात लिहायला गेलं तर चुकतं, कारण साताची जागा उजवीकडची आहे. म्हणून सात मनात धरून ठेवायचे आणि पुढचं ऐकायचं. पुढे येतं 'वन्न'. हे पन्नासाचं रूप आहे हे माहीत असायला हवं. पन्नास म्हणजे पाच दशक, म्हणून आधी पाच लिहायचे, मग मनात धरलेले सात आठवून त्यांच्या उजवीकडे मांडायचे. ज्या तात्पुरत्या साठवणीला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात तिच्यावर एवढ्याशा कामात दोनदा ताण येतो: एकदा धरून ठेवताना आणि एकदा क्रम उलटवताना. मूल अधीर असेल, दमलेलं असेल, शेजारचा पोरगा पेन्सिल ओढत असेल, तर वहीत ७५ उमटतात. आणि शिक्षक म्हणतात, 'याला संख्या कळत नाहीत.' खरं तर त्याला दोन्ही अंक बरोबर कळलेले असतात.

ही झाली क्रमाची अडचण. दुसरी अडचण शब्दांच्या आकाराची आहे, आणि माझ्या मते मराठीत ती पहिलीपेक्षा लहान नाही. एकवीस, बावीस, तेवीस इथवर शब्द बऱ्यापैकी उकलतात. पुढे मात्र दशकं वेश बदलत जातात. पन्नास कधी 'वन्न' होतात (एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न), कधी 'पन्न' (त्रेपन्न, छप्पन्न). साठांचे 'सष्ट' होतात, सत्तरांचे 'हत्तर', नव्वदांचे 'ण्णव'. एककं तर त्याहून बहुरूपी. एकट्या सहाकडे बघा: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. स, छ, सेहे, सहा, शहा, एवढी रूपं एकाच अंकाची! संस्कृतातल्या षट्-पासून प्राकृतातून झिजत आलेले हे शब्द आहेत. भाषेच्या अभ्यासकाला त्यात मौज वाटते, सात वर्षांच्या मुलाला त्यात नियम सापडत नाही. नियम सापडला नाही की पाठ करणं एवढाच मार्ग उरतो, आणि पाठ करायचे शब्द थोडेथोडके नाहीत, शंभराच्या आसपास आहेत.

तिसरी अडचण फक्त आठ संख्यांपुरती आहे, पण खट्याळ आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ते एकोणनव्वद. 'एकोन' म्हणजे एकानं ऊन, एक कमी. एकोणसाठ ऐकल्यावर मुलाच्या कानात 'एक' आणि 'साठ' शिरतात, आणि ५९ या चिन्हात ना एक आहे ना सहा. इथे उकल करणाऱ्या हुशार मुलाचाच जास्त घात होतो, कारण तो ६१ लिहितो आणि ते त्याच्या परीनं अगदी तर्कशुद्ध असतं. गंमत म्हणजे भाषा स्वतःही शेवटपर्यंत हा नेम पाळत नाही. ९९ ला आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो.

नारळीकरांच्या मांडणीत पहिली अडचण ठळक होती. दुसरी त्यांनी जोडाक्षरांच्या रूपात मांडली, आणि मला वाटतं इथे युक्तिवाद घसरला. मुलाला त्रेपन्न हा शब्द लिहिता येत नाही ही अडचण लेखनाची. त्रेपन्नमध्ये पन्नास दिसत नाहीत ही अडचण समजेची. जोडाक्षरं नसती तरी दुसरी अडचण राहिलीच असती: 'सदुसष्ट'मधला 'सदु' पुरेसा सुटसुटीत आहे, तरी त्यात सात सापडत नाहीत. पण 'जोडाक्षरं अवघड म्हणून मराठी बदलली' हे वाक्य मथळ्याला सोयीचं होतं. टीकाकारांनी तेच धरलं आणि क्रमाचा मुद्दा, जो खरोखर भक्कम होता, बाजूला पडला.

बाहेरचा पुरावा

एकक आधी आणि दशक नंतर हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. जर्मन, डच, अरबी या भाषांतही तो आहे. जर्मनमध्ये २१ ला शब्दशः 'एक-आणि-वीस' म्हणतात. त्यामुळे या प्रश्नावर सगळ्यात नेटकं संशोधन जर्मन भाषक मुलांवर झालं आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून अंकांत लिहायला सांगितल्यावर झालेल्या चुका २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चुका क्रमाच्या उलटापालटीशी जोडलेल्या होत्या. म्हणजे ७५ आणि ५७ चा गोंधळ ही एखाद्या मुलाची ढिलाई नाही. भाषेच्या रचनेतूनच ती चूक येते.

यावर कुणी म्हणेल, ऑस्ट्रियन मुलं आणि इंग्रज मुलं यांच्यात भाषेखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात, मग दोष भाषेलाच का द्यायचा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर चेक भाषेनं दिलं आहे. चेकमध्ये २५ दोन्ही तऱ्हांनी म्हणता येतं, 'वीस पाच' असंही आणि 'पाच-आणि-वीस' असंही, आणि दोन्ही रूपं लोकांच्या तोंडात आहेत. तिथल्या सात वर्षांच्या मुलांकडून दोन्ही रूपांत श्रुतलेखन करून घेतलं. मुलं तीच, शाळा तीच, संस्कृती तीच. उलट्या रूपात उलटापालटीच्या चुका स्पष्टपणे जास्त निघाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आपल्या वादाला सर्वांत जवळचा आहे. २०१९ च्या चर्चेत तो टेबलावर असायला हवा होता.

शब्दांच्या पारदर्शकतेबद्दलचा पुरावा पूर्वेकडून येतो. चिनी भाषेत ११ म्हणजे 'दहा एक' आणि २१ म्हणजे 'दोन दहा एक'. चीन आणि अमेरिकेतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोजायला लावलं (हा अभ्यास १९९५ चा), तेव्हा दहापर्यंत दोघांत फरक नव्हता. अकरापासून अमेरिकन मुलं अडखळू लागली, म्हणजे इंग्रजी नावं बेशिस्त होतात नेमकं तिथेच. त्याआधी आयरीन मिउरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ४२ ठोकळ्यांनी मांडायला सांगितल्यावर जपानी, कोरियन आणि चिनी मुलं सहजपणे दहाच्या चार कांड्या आणि दोन सुटे ठोकळे घेतात, तर अमेरिकन मुलं बहुधा बेचाळीस सुटे ठोकळे मोजत बसतात.

इथवर वाचून 'पन्नास सात'चा विजय झाला असं वाटेल. पण थांबा. १९९८ साली मिउरांच्या या निष्कर्षांची फेरतपासणी झाली. कांड्या कशा वापरायच्या हे आधी एकदा करून दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या आणि जपानी मुलांमधला फरक बराच कमी होत होता. याचा अर्थ नावांचा परिणाम खोटा असा नाही. अर्थ असा की भाषा मुलाला एका दिशेनं ढकलते, पण चार मिनिटांचं चांगलं शिकवणंही त्याच दिशेनं ढकलू शकतं. भाषा विचाराला जखडून टाकते, असं म्हणायला या पुराव्यात आधार नाही.

नॉर्वेनं काय केलं

आपल्यासारखाच निर्णय एका देशानं सरकारी पातळीवर घेतला होता, आणि त्याचं निमित्त शाळा नव्हती, टेलिफोन होता. नॉर्वेत जुन्या रीतीनं 'एक-आणि-वीस' म्हणायचे. दूरध्वनी वाढले, क्रमांक लांब झाले, ऐकून जोडून देताना चुका होऊ लागल्या. दूरध्वनी खात्यानं आग्रह धरला, संसदेनं मान्यता दिली आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, सरकारी कारभार आणि आकाशवाणी यांच्यासाठी 'वीस एक' ही नवी गणनपद्धत लागू झाली.

पुढची गोष्ट बोलकी आहे. शाळेत नवी रीत रुजली, पण घरात आणि बोलण्यात जुनी कितीतरी दशकं टिकून राहिली. एकच माणूस प्रसंगानुसार दोन्ही वापरतो असंही होत राहिलं. म्हणजे रीत मोडून काढणं सोपं नाही, आणि दोन रीती शेजारी नांदल्या म्हणून आकाशही कोसळत नाही. जर्मनीत बोखुम विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकानं २००४ साली 'वीस-एक' म्हणण्याचा प्रचार करणारी संस्था काढली. तिथे मात्र सरकार काही हललं नाही.

विरोध नेमका कशाला होता

'फडण दोन शून्य' या कोटीवर सभागृह हसलं असेल, पण ती जरा उघडून पाहण्यासारखी आहे. नव्या रीतीत वीस हे वीसच होते. दोन-शून्य असं कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. अंक सुटे सुटे वाचणं (दोन, शून्य) आणि संख्या किमतीनं वाचणं (वीस) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५७ मधला पाच हा दिसतो पाच, पण असतो पन्नास, हे कळणं म्हणजेच स्थानिक किंमत कळणं. विनोदात नेमका हाच घोळ होता. दुसरीच्या मुलाला जी गोष्ट समजावण्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, तीच सभागृहात निसटली.

तरीही सगळा विरोध अज्ञानातून आला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यात तीन धागे होते आणि तिन्हींची जात वेगळी.

एक धागा सवयीचा. आपण जे सहज करतो ते मुळात सोपंच असतं, असं माणसाला वाटतं. 'आम्ही नाही का शिकलो?' हा प्रश्न त्यातूनच येतो. शिकलो खरे, पण किती दिवस ७५ लिहीत होतो हे कुणाला आठवतं? आजही अक्षरी रक्कम लिहिताना सदुसष्ट की अडुसष्ट म्हणून क्षणभर पेन अडतं, आणि मोबाइल नंबर सांगताना भलेभले मराठी अभिमानी सरळ 'नाइन एट टू' सुरू करतात. हे कुणाला टोचायला लिहीत नाही. लांब आकडे चुकीविना पोचवायचे असले की माणूस आपसूक सरळ क्रमाकडे वळतो, एवढंच त्यातून दिसतं.

दुसरा धागा भाषेच्या आतला होता आणि तो खराखुरा आहे. मराठीत 'वीस एक' याला आधीपासून एक अर्थ आहे: सुमारे वीस. 'वीसेक माणसं आली होती', 'पन्नासएक रुपये लागतील'. मग 'तीस एक वह्या आण' म्हटल्यावर नेमक्या एकतीस आणायच्या की अंदाजे तीस? अडचण फक्त एकाच्या जोड्यांपुरती आहे, 'तीस दोन'ला ती येत नाही. पण बोलीत रुळलेल्या प्रयोगावर नवा प्रयोग आदळला की मुलाला घरी आणि शाळेत दोन वेगळे अर्थ ऐकू येणार, हे समितीनं ठळकपणे सांगायला हवं होतं.

तिसरा धागा पाढ्यांचा. साताचा पाढा म्हणताना 'सात आठे छप्पन्न' एका लयीत येतं. पाढा हे गणित करणं नव्हे, ती शाब्दिक आठवण आहे, आणि आठवण शब्दांना बांधलेली असते. याला पुरावा आहे. एलिझाबेथ स्पेल्की आणि सान्ना त्सिव्किन यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्यांना काही नव्या बेरजा एका भाषेत शिकवल्या (२००१). नेमकी उत्तरं त्याच भाषेत विचारल्यावर पटकन येत, दुसऱ्या भाषेत विचारल्यावर उशीर लागे. अंदाजी उत्तरांवर मात्र भाषेचा असा परिणाम नव्हता. या न्यायानं पाढा 'छप्पन्न'मध्ये पाठ झाला आणि वाचन 'पन्नास सहा'मध्ये शिकवलं, तर मुलाला एक भाषांतर जास्तीचं करावं लागेल. आजोबांनी म्हणून घेतलेला पाढा आणि बाईंनी वाचून घेतलेली संख्या वेगवेगळ्या नावांत राहतील. पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही ज्या समाजानं तोंडी सांभाळले, त्याला शब्द हलवलेला खुपणं समजण्यासारखं आहे.

उजळणीत काय दडलं होतं

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फारशी पुढे आली नाही याचं मला नवल वाटतं. जुन्या मराठी उजळणीला ही अडचण माहीत होती, आणि तिच्यावरचा उपायही तिच्यात होता. 'एकावर एक अकरा, एकावर दोन बारा', पुढे 'दोनावर एक एकवीस', 'पाचावर सात सत्तावन्न'. बारकाईनं ऐका. आधी पाच, मग सात, म्हणजे लिहिण्याचा क्रम. आणि त्याला लागूनच रूढ नाव. चिन्हाची वाट आणि शब्दाची वाट एका ओळीत बांधलेली. मूल हे शेकडो वेळा घोकतं तेव्हा 'सत्तावन्न' कानावर पडण्याआधी हाताला 'पाच, सात' ही दिशा मिळालेली असते. ज्यांनी ही उजळणी घडवली त्यांनी कार्यस्मृती हा शब्द ऐकला नव्हता, पण पोरं कुठे चुकतात हे त्यांनी पाहिलेलं असणार.

मग उजळणी पुरेशी होती का? नाही. 'पाचावर सात' सांगते ती अंकांची जागा, त्यांची किंमत नाही. त्यातला पाच नुसता पाच राहतो. किंमत सांगायला शाळेत दुसरं वाक्य होतं, 'पाच दशक सात एकक', आणि ते तासाला एकदा फळ्यावर येऊन जायचं. 'पन्नास सात' या रूपाची खरी जमेची बाजू इथे दिसते: क्रम आणि किंमत दोन्ही एकाच दमात. त्याला मराठीची मोडतोड म्हणण्यापेक्षा 'पाचावर सात'ची पुढची पायरी म्हणून मांडलं असतं, तर वाद एवढा पेटला नसता असं मला वाटतं. 'रूढ नाव राहील, आधी ही पायरी चढू' हे सांगायला परंपरेतलाच दाखला हाताशी होता.

नव्या रीतीची स्वतःची चूक

'पन्नास सात' बिनधोक आहे असं मात्र समजू नये. सरळ रीतीच्या भाषांमधली मुलंही चुकतात, फक्त वेगळं चुकतात. जे ऐकू येतं ते जसंच्या तसं शेजारी मांडायचं, ही त्यांची चूक. एकशे पाच ऐकून १००५ लिहिणारं मूल मराठी शाळेतही दिसतं. आधी शंभर लिहिले, मग त्यांना पाच चिकटवले. त्याच चालीनं 'पन्नास सात' ऐकून ५०७ लिहिलं जाण्याची शक्यता आहे. 'सत्तावन्न' ऐकून ही चूक सहसा होणार नाही, कारण त्यात पन्नास ठळक ऐकूच येत नाहीत. म्हणजे नाव बदललं की चुका नाहीशा होतात असं नाही, त्यांची जात बदलते. ७५ लिहिणाऱ्या मुलाला संख्या कळलेली असते, मांडणी हुकलेली असते. ५०७ लिहिणाऱ्या मुलाला दशकाची जागा ही संकल्पनाच अजून धरता आलेली नसते. पहिली चूक वयाबरोबर बहुधा सुटते. दुसऱ्या चुकीकडे दुर्लक्ष केलं तर ती वजाबाकीत हातच्याच्या वेळी पुन्हा डोकं वर काढते.

म्हणून कोणती रीत चांगली या प्रश्नाआधी मला वहीतली चूक पाहायची असते. श्रुतलेखनाला दहा संख्या द्याव्यात, रूढ नावांनी. त्यांत २३, ५७, ८४ अशा साध्या, ४९ आणि ६९ अशा एकोणाच्या, ६६ आणि ७६ अशा वेश बदललेल्या, आणि १०५ ही एक. नंतर त्याच संख्या दुसऱ्या दिवशी 'पन्नास सात' या तऱ्हेनं द्याव्यात. एखादं मूल पहिल्या दिवशी ७५ लिहितं आणि दुसऱ्या दिवशी ५७, तर त्याची अडचण क्रमाची आहे. त्याला काही आठवडे 'पाचावर सात सत्तावन्न' म्हणायला लावलं तरी पुरेल, पुस्तक बदलायची गरज नाही. सहासष्टाला कोरं पान सोडतं आणि 'साठ सहा'ला चटकन लिहितं, तर त्याला शब्दच माहीत नाही. इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मराठी मुलांचं हेच आहे. 'सहासष्ट म्हणजे किती?' असं ती विचारतात तेव्हा गणित कच्चं नसतं, ओळख नसते. त्यांच्यासाठी 'साठ सहा, सहासष्ट' अशी जोडी फार उपयोगाची आहे. एकोणसाठाला ६१ लिहिणाऱ्याला कुठलीही वाचनरीत एकट्यानं सोडवणार नाही. साठातून एक काढून दाखवायला, मण्यांच्या माळेवर एक मणी मागे सरकवायला दोन मिनिटं लागतात.

आणि दुसऱ्या दिवशी ५०७ लिहिणाऱ्या मुलाला पुन्हा कांड्यांकडे न्यायचं. पुठ्ठ्याचं एक लांब कार्ड घ्यायचं, त्यावर ५०. दुसरं निम्म्या लांबीचं, त्यावर ७. सातचं कार्ड उजवी कडा जुळवून पन्नासच्या वर ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ५७ दिसतात. मुलाला कार्ड उचलून खालचं शून्य पुन्हा पुन्हा पाहू द्यायचं. पन्नास तिथेच आहेत, साताखाली आहेत, हे त्याच्या स्वतःच्या हातांनी झालं की मग त्याला विचारायचं, 'याला काय म्हणशील?' तो पन्नास सात म्हणाला तर 'बरोबर, आणि घरी सत्तावन्न म्हणतात' एवढं सांगावं. सत्तावन्न म्हणाला तर 'त्यात पन्नास कुठे आहेत?' हे विचारावं.